पडदा दरीत, खुर्ची काठावर : पाचगणी-महाबळेश्वरचे तीन दिवस

सप्टेंबरच्या अखेरीस साताऱ्याहून महाबळेश्वरला जायचं तर धुकं गृहीत धरावं. कास फुललेलं असतं म्हणून लोक निघतात आणि घाटमाथ्यावर पोचल्यावर पॉइंटच्या कठड्यापलीकडे पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. मग तीच गर्दी बाजारपेठेत उतरते : भाजलेलं कणीस, चपला, जॅमच्या बाटल्या आणि 'बारा-डी थिएटर', म्हणजे पडद्यावरच्या चित्राबरोबर खुर्ची हलवणारा खेळ. पुढचा वृत्तान्त मुख्यतः त्या थिएटरचा आहे. मिनिटांच्या हिशेबात तीन दिवसांतली सगळ्यात महाग गोष्ट तीच, आणि सगळ्यात फसलेलीही तीच.

पहिला दिवस : सातारा, वाई, पाचगणी

साताऱ्याहून सकाळी सातला निघून पाचवड फाट्यावरून आत वळलं की आठच्या सुमारास वाई. ढोल्या गणपतीचं दर्शन, कृष्णेच्या घाटावर दहा मिनिटं आणि नाश्ता इथेच, पण बेताचा. पुढे पसरणी घाट आहे. बारा-तेरा किलोमीटरांत सुमारे ६०० मीटर चढ. गाडी लागणाऱ्यांनी मिसळीवर दुसरा पाव मागवू नये.

संध्याकाळी जे भाड्याने मिळालं नाही ते या घाटात फुकट मिळतं, म्हणून आधी हा हिशेब. १५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी २० किलोमीटरने घेतलं तर अंगाला बाजूला रेटणारा जोर आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढा होतो. आणि तो एका हिसक्यात संपत नाही. अर्धवर्तुळ पुरं व्हायला आठेक सेकंद लागतात, तेवढा वेळ तो टिकतो. शेजारचा माणूस खांद्यावर रेलतो, पिशवी सीटवरून घसरते. कानातल्या ज्या इंद्रियाला तोल कळतो, त्याला हा टिकणारा रेटा नीट समजतो. नुसता धक्का त्याला फसवू शकत नाही.

टेबल लँडवर दुपारी तीनलाही वीस पावलांपलीकडे काही दिसेना. जांभ्याचं ते एवढं विस्तीर्ण पठार, पण घोडेवाल्यांचा आवाज येत होता आणि घोडे दिसत नव्हते. चार वाजता माणसं खाली रस्त्यावर आली, तशी थिएटरची रांग वाढली.

तिकीट २०० रुपये. चित्रफीत पाच मिनिटांची, त्यातलं पाऊण मिनिट बोधचिन्ह आणि सूचनांत जातं. तीन रांगा, एका रांगेत चार खुर्च्या, चार खुर्च्यांना मिळून एक लोखंडी चौकट. 'बारा डी'चा हिशेब असा लागतो : पडद्याच्या तीन मिती, खुर्ची हलते ती चौथी, पुढे वारा, पाण्याचा फवारा, पायाशी फडफडणारी नळी, पाठीत टोचणारा दांडा, बुडबुडे, धूर, वास, लुकलुकणारा दिवा. मोजदाद दुकानदाराच्या मर्जीवर असते. सात-डी आणि बारा-डी यांतल्या खुर्च्या एकाच जातीच्या असू शकतात, वाढलेले डी बुडबुड्यांचे.

चित्रफीत खाणीतल्या रुळांवरून सुटलेल्या गाडीची. पहिल्या उतारावर खुर्ची जेमतेम वेळेवर खाली गेली. तिसऱ्या उतारावर गाडी कड्यावरून सुटली, पोटात गोळा यावा असा खड्डा समोर आला, आणि खुर्ची तशीच. मग पायाखाली 'फुस्स' झालं आणि पडद्यावरची गाडी केव्हाच खाली झेपावली होती तेव्हा खुर्चीने नाक खाली घातलं. शेवटच्या मिनिटात हा उशीर अर्ध्या सेकंदावर गेला होता. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरतात त्या वरच्या दर्जाच्या सिम्युलेटरमध्ये १५० मिलिसेकंदांहून जास्त उशीर चालत नाही. इथे त्याच्या तिपटीहून अधिक.

बाहेर पडताना एक बाई ऑपरेटरला म्हणाल्या, "दादा, खुर्ची फार उशिरा हलतेय." त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, आज गर्दी आहे ना, हवा भरायला वेळच मिळत नाही."

त्याचं निदान बरोबर होतं. अशा ठिकाणी संगणक दोन गोष्टी एकत्र चालवतो. एक चित्रफीत, आणि दुसरी तिच्यासाठी लिहिलेली हालचालींची फाइल : कोणत्या क्षणाला कोणता सिलिंडर वर, कोणता खाली. चित्रफितीची सुरुवात कापलेली प्रत लावली किंवा सुरुवातीला कुणाची जाहिरात जोडली, तर फाइल मागे-पुढे सरकते. पण मग चूक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारखीच राहते. ऑपरेटरने फाइलीची सुरुवात तेवढी पुढे-मागे केली की काम होतं. इथे उशीर वाढत गेला. वाढत जाणारा उशीर म्हणजे बहुतेकदा दोष हवेचा.

खुर्चीच्या चौकटीखाली तीन सिलिंडर असतात आणि त्यांना कॉम्प्रेसरच्या टाकीतून हवा मिळते. टाकीत ६ ते ८ बार दाब हवा (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब). ८० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर ६ बारला सुमारे ३०० किलो वजन पेलतो, तीन मिळून ९००. चार माणसं आणि चौकट मिळून सव्वापाचशे किलो धरा. म्हणजे पावणेचारशे किलोंचा जोर शिल्लक, आणि खुर्ची झटकन उचलायला हाच शिल्लक जोर कामी येतो. आता दाब ४ बारवर आला तर तीन सिलिंडरांची ताकद ६०० किलो उरते. वजन अजूनही पेलतं, खुर्ची वर जाते, पण झटक्यासाठी उरले पाऊणशे किलो. म्हणून ती म्हाताऱ्यासारखी गुडघ्यावर हात ठेवून उठते. चारही खुर्च्यांत भारदस्त मंडळी बसली असतील तर तेवढंही नाही. उलट दोनच मुलं बसली की तीच चौकट तोफेसारखी उडते. दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह नसेल, नुसता उघड-मीट करणारा असेल, तर वजनाप्रमाणे जुळवून घेणं त्याला जमतच नाही.

त्यात ही जागा डोंगरावरची. पाचगणी समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास आहे, तिथली हवा खालच्यापेक्षा सुमारे १२ टक्के विरळ. कॉम्प्रेसर दर फेऱ्याला तेवढी कमी हवा ओढतो आणि टाकी भरायला त्या प्रमाणात जास्त वेळ घेतो. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये बेतलेला संच इथे तसाच आणून बसवला तर तो कायम धापा टाकतो. पावसाळ्यात आणखी एक भर : ओलसर हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. तळाची तोटी रोज उघडून ते काढायचं असतं. नाही काढलं तर टाकीत हवेला जागा कमी पडते, आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत गेलं की गंज धरून तो अडकू लागतो. वारा, पायाची नळी, पाठीचा दांडा हे सगळे बहुतेकदा याच टाकीवर जगतात. म्हणजे पायाला नळी लागली की खुर्चीची हवा गेली. डी वाढवण्याची ही किंमत.

खाली पडण्याचं गणित तर याहून कठीण आहे. खुर्चीचा सगळा पल्ला १५ सेंटिमीटरांचा. १५ सेंटिमीटर मोकळं पडायला पावणेदोनशे मिलिसेकंद लागतात, बस्स. जगातला उत्तम संच लावला तरी एवढ्या पल्ल्यात खरं पडणं तेवढाच वेळ मिळणार. पडद्यावरची गाडी मात्र पाच सेकंद पडत असते. चांगले कारागीर इथे लबाडी करतात : पडण्याचा पहिला क्षण तेवढा खरा देतात, मग चेहऱ्यावर वारा सोडतात, आवाज वाढवतात आणि त्या गडबडीत खुर्ची इतक्या हळू मूळ जागी आणतात की कानाला पत्ता लागत नाही. पुढच्या खड्ड्यासाठी पल्ला पुन्हा मोकळा. आपल्या खुर्चीला हे परत येणंच माहीत नव्हतं. दोन उतार लागोपाठ आले की दुसऱ्या वेळी ती आधीच तळाला टेकलेली, आणि वरून धपकन बसण्याचा दणका मणक्यात. सिलिंडरच्या टोकाला हा दणका जिरवायची सोय असते. तिचं रबर झिजलं की 'खट्' असा आवाज येतो. तो आवाज ऐकू आला की पाठदुखीवाल्यांनी रांगेतून बाहेर पडावं.

वेग वाढल्याचं सोंग आणायची युक्ती याहून सुंदर आहे आणि फार थोड्या ठिकाणी नीट केलेली दिसते. खुर्ची मागे कलती केली की आपलंच वजन पाठीवर येतं. पडद्यावर वाट सरळ दिसत असेल तर मेंदू समजतो, गाडी सुसाट निघाली. १० अंश कललं तर वजनाच्या सहाव्या हिश्शाएवढा रेटा मिळतो. पसरणीच्या त्या वळणाची बरोबरी करायला १२ अंश एका बाजूला कलून आठ सेकंद थांबावं लागेल. अट एकच : कलणं सावकाश हवं, सेकंदाला तीनेक अंश. झटक्याने कललं तर कानाला कळतं की आपण कलतोय, पळत नाही. इथे सगळंच झटक्याने. म्हणून पाच मिनिटांत बैलगाडीची आठवण झाली, रुळांवरच्या गाडीची नाही.

चष्म्याचं थोडक्यात. मान कलली की प्रत्येक वस्तूला जुळी सावली दिसू लागली, म्हणजे चष्मे साध्या सरळ ध्रुवीकरणाचे (प्रत्येक काच एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश आत सोडते, म्हणून दोन डोळ्यांना वेगळी चित्रं दिसतात). चित्रपटगृहात माणूस मान ताठ ठेवून बसतो, तिथे ते खपतं. जिथे खुर्चीच माणसाला कलती करते तिथे वर्तुळाकार ध्रुवीकरणाचेच चष्मे हवेत, मान कलली तरी त्यांत चित्रं मिसळत नाहीत. हातात दोन सारखे चष्मे असतील तर एकाची डावी काच दुसऱ्याच्या डाव्या काचेवर धरून काटकोनात फिरवा. काळोख झाला तर समजा सरळ ध्रुवीकरण. पडदाही चंदेरी लेपाचा लागतो. साध्या पांढऱ्या भिंतीवर पडून परतताना प्रकाशाचं ध्रुवीकरण मोडतं, मग कुठलाही चष्मा उपयोगाचा नाही. इथला पडदा चंदेरी होता, पण डाव्या कोपऱ्यात बुरशीचे ठिपके, आणि प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा. ध्रुवीकरणात अर्ध्याहून जास्त उजेड आधीच जातो, वरून दिवा मंदावलेला. खाणीतली गाडी खाणीतच राहिली.

दुसरा दिवस : महाबळेश्वर

सकाळी जुनं महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडताना बघायला धुक्याची अडचण नाही. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी इथे एकत्र येतं असं मानतात, आणि या दिवसांत तर देवळाबाहेरच्या रस्त्यावरही सहावी वाहत असते. वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात यंत्र बसवणाऱ्याला पाणी काढायची तोटी उघडायला सांगावं लागतं, याचं नवल वाटतं.

बाजारात दुसरा प्रकार : अंड्यासारख्या आकाराची दोन माणसांची खुर्ची, डोळ्यांवर बांधायचा व्हीआर (आभासी दृश्याचा) संच. इथे हवा नाही, विजेच्या मोटरी आहेत. मोटर आटे असलेला दांडा फिरवते आणि खुर्ची जिथे हवी तिथे, मधल्या जागीसुद्धा, थांबू शकते. उशीर जवळपास नाही. पहिल्या मिनिटाला वाटलं, पैसे वसूल.

मग चित्र डगमगू लागलं. कारण साधं आहे आणि पुष्कळ दुकानदारांना ते ठाऊक नसतं. डोळ्यांवरच्या संचात मान कुठे वळली ते मोजणारी यंत्रणा असते. खुर्ची १० अंश कलली की तिच्याबरोबर डोकंही कलतं, आणि संच समजतो की माणसाने आपणहून मान कलवली. तो चित्र उलट्या दिशेला १० अंश फिरवतो. परिणामी समोरच्या गाडीचा डॅशबोर्ड एका बाजूला सरकतो, आणि गाडी उताराला लागली की आपण तिच्या तळाकडे बघतोय असं वाटतं. उपाय आहे : खुर्चीची हालचाल वेगळी मोजायची आणि ती डोक्याच्या हालचालीतून वजा करायची. त्यासाठी खुर्चीवर आणखी एक मापक लागतो. तो नव्हता. संच डोळ्यांवर बांधण्याआधी खुर्चीवर कुठे तसं काही लावलंय का, हे विचारायला हरकत नाही. ऑपरेटर गोंधळला तर उत्तर मिळालं.

दमट हवेत भिंगांवर वाफ धरते हा दुसरा त्रास. संच लावून मिनिटभर थांबलं की भिंगं चेहऱ्याच्या उबेने तापतात आणि वाफ जाते. रांग मोठी असेल तर ऑपरेटर थांबू देत नाही. दोन भिंगांमधलं अंतर डोळ्यांना जुळवायचं चाक किंवा सरकपट्टी बहुधा खालच्या बाजूला असते, ते स्वतः फिरवून घ्यावं. मुलांना बहुतेक संच रुंद पडतात आणि चित्र दुहेरी दिसतं. आणि आतला स्पंज ओला लागला तर रुमाल घ्या किंवा परत द्या. चिकट स्पंजाशी तडजोड नको.

दुपारी पाऊस इतका लागला की बसून राहण्यापलीकडे काम नव्हतं, म्हणून थोडा इतिहास. माणसाला बसल्या जागी हलवायची ही विद्या जत्रेतून आलेली नाही. अमेरिकेत एडविन लिंक याने १९२९ साली वैमानिकांना शिकवण्यासाठी हलणारी पेटी केली. त्याच्या घरचा धंदा ऑर्गन बनवायचा, म्हणून पेटीला वर-खाली करायला त्याने भातेच लावले. आपल्या बाजाच्या पेटीच्या भात्याचे ते लांबचे भाऊबंद. सहा पायांवर सहा दिशांना हलणारी चौकट इंग्लंडमध्ये गॉफ याने टायर तपासण्यासाठी वापरली, आणि १९६५ साली स्ट्युअर्ट याने तशाच चौकटीवर निबंध लिहिला. तिला आज त्याचंच नाव चिकटलंय. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली आणि तीन प्रकारचं कलणं-वळणं अशा सहा हालचाली. करमणुकीच्या मोठ्या बागेत हे तंत्र गाजलं ते १९८७ साली डिस्नेलँडमध्ये. तीन सिलिंडरांच्या खुर्चीला यातल्या तीनच येतात : वर-खाली, पुढे-मागे झुकणं, डावी-उजवीकडे कलणं. वळणावर गाडी खरोखर वळते तशी ती वळू शकत नाही. तरीही तीन हालचालींत उत्तम सोंग आणता येतं. कमी पडतं ते वेळेचं भान आणि रोजची देखभाल.

चित्रफितीचंही एक. साध्या चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं असतात. वेगाने जवळून जाणाऱ्या वस्तू त्यात तुटक दिसतात आणि हलणाऱ्या खुर्चीवर ते तुटकपण डोळ्यांना टोचतं. डग्लस ट्रम्बुल या अमेरिकी दिग्दर्शकाने शोस्कॅन या पद्धतीत सेकंदाला ६० चित्रं वापरली, आणि ती पद्धत पुढे हलत्या खुर्च्यांच्या खेळांतही आली. जुनी फाइल २४ चित्रांची असेल तर नवा प्रोजेक्टर आणूनही फरक पडत नाही.

संध्याकाळी पाऊस उघडल्यावर पाचगणीत उतरून पुन्हा त्याच थिएटरच्या दारात, तिकीट न काढता. मधलं दार उघडं असेल तर आधीचा खेळ बाहेरून बघता येतो, आणि २०० रुपये वाचवायचा हाच मार्ग. पडद्यावर खड्डा आला की खुर्च्यांकडे बघा : आधी हलतात, बरोबर हलतात की नंतर? चष्म्याशिवायही हे कळतं. कॉम्प्रेसरचा आवाज एकसारखा, न थांबता येत असेल तर टाकी भरतच नाहीये. कुठे बारीक 'सीऽ' आवाज येतो का ऐका, ती गळती. दोन खेळांत किती वेळ सोडतात ते घड्याळात बघा. दहा मिनिटं सोडत असतील तर बसा, दोन मिनिटं असतील तर कणीस खा. सकाळचा पहिला खेळ नेहमी बरा, टाकी रात्रभराच्या विश्रांतीनंतर नुकती भरलेली असते. बसायचंच तर रांगेच्या टोकाची खुर्ची घ्या. चौकट ८ अंश कलली तर मध्यापासून ९० सेंटिमीटरवरची खुर्ची साडेबारा सेंटिमीटर वर-खाली होते, मधल्या दोघांना त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. मणक्याचा, मानेचा त्रास असलेले आणि गरोदर बायका यांनी कुठेच बसू नये. फेफऱ्याचा इतिहास असेल तर लुकलुकणारा दिवा धोक्याचा. पट्टा सैल असेल तर बदलून मागा, आणि खेळ थांबवायचं लाल बटण कुठे आहे ते बसण्याआधी विचारा. तिकिटाचा तुकडा फेकू नका. खेळ अर्धवट बंद पडला आणि पैसे परत मिळाले नाहीत, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण तुकड्याशिवाय बोलणार काय?

तिसरा दिवस : केळघर, मेढा, कास

परतीला केळघर घाटाने मेढ्याकडे उतरलो. दरड आलेली नाही ना, याची आदल्या रात्री चौकशी करावी. घाटात धुकं आणि मागच्या सीटवर तीन जणांची तोंडं पांढरी. यामागचं कारणही थिएटरसारखंच : कान सांगतात आपण हलतोय, आणि धुक्यामुळे डोळ्यांना पुरावा मिळत नाही. थिएटरात उलट, डोळे सांगतात हललो आणि कान म्हणतात छे. म्हणून उपायही उलटे. घाटात दिसेल तेवढं दूर, रस्त्याच्या पुढच्या वळणाकडे बघायचं, मोबाइल खाली ठेवायचा. थिएटरात मळमळलं तर डोळे मिटायचे. चित्र गेलं की भांडण मिटतं, खुर्ची एकटी काही करत नाही.

साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कास पंचवीसेक किलोमीटर. नोंदणी आधी करून ठेवलेली असावी, गर्दीच्या दिवशी फाटकावर हुज्जत घालून उपयोग नाही. पश्चिम घाटासोबत २०१२ साली हे पठार जागतिक वारशात गेलं, पण जवळून पाहिलं तर जांभ्याच्या खडकावर मातीचा पातळ थर एवढंच. त्यात तेरडा, सोनकी, गेंद, आणि पाणथळ जागी सीतेची आसवं, म्हणजे किडे खाणारी निळी इवली फुलं. ती उभ्याने दिसत नाहीत. वाटेवरच गुडघ्यावर बसावं लागतं, आणि तेवढ्यात धुकं आलं तरी बिघडत नाही, फूल हातभर अंतरावर असतं.

कंदी पेढे साताऱ्यात खाली आल्यावरच घ्यावेत. यवतेश्वर उतरताना मागच्या सीटवर कुणी पुडा उघडला तर त्याला पुढे बसवा आणि खिडकी खाली करा.